न गेलेलं पत्र: ३ जानेवारी २०२१ ची ओव्हल ऑफिसमधली मीटिंग

अमेरिकेतल्या २०२० च्या निवडणुकीचा विषय निघाला की लोकांना ६ जानेवारी आठवते, कॅपिटलच्या, म्हणजे तिथल्या संसद भवनाच्या फुटलेल्या खिडक्या आणि शिंगांची टोपी घातलेला तो इसम. त्याच्या तीनच दिवस आधी, रविवारी संध्याकाळी, व्हाइट हाउसमध्ये एक मीटिंग झाली होती, तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही, आणि मला विचाराल तर कायद्याचं राज्य नेमकं कशाच्या आधारावर टिकतं हे कळायला दंगलीपेक्षा ही मीटिंग जास्त कामाची आहे. विषय होता एका पत्राचा. मसुदा तयार होता, सह्यांसाठी जागा सोडलेली होती, फक्त पाठवायचं बाकी होतं, आणि ते कधीच गेलं नाही. का गेलं नाही, कोणी अडवलं आणि अडवणाऱ्यांच्या हातात तेव्हा नक्की काय होतं, एवढाच या प्रकरणाचा मुद्दा.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्याकडची पदं डोक्यात ठेवून बघितलं तर घोळ होतो. अमेरिकेचा ॲटर्नी जनरल हा आपल्या ॲटर्नी जनरलसारखा कोर्टात सरकारची बाजू मांडणारा नुसता वकील नसतो, तो मंत्रिमंडळात बसतो, न्याय खात्याचा प्रमुख असतो, केंद्राचे सगळे सरकारी वकील आणि एफबीआयसुद्धा त्याच्या खात्याखाली येतात. नेमतो राष्ट्राध्यक्ष, सिनेटच्या मंजुरीने, आणि काढायचा अधिकारही राष्ट्राध्यक्षाचाच. म्हणजे कागदावर तो बॉसचा माणूस. पण वॉटरगेट घोटाळ्यानंतर (राष्ट्राध्यक्ष निक्सनचा एक ॲटर्नी जनरल, जॉन मिचेल, चक्क १९ महिने तुरुंगात होता) फोर्डच्या काळात एडवर्ड लेव्ही आणि कार्टरच्या काळात ग्रिफिन बेल यांनी एक शिस्त बसवली, की कुठल्या केसमध्ये कोणाची चौकशी करायची आणि कोणावर खटला भरायचा यात व्हाइट हाउसने थेट बोट घालायचं नाही, संपर्क करायचाच असेल तर वरच्या मोजक्या लोकांतूनच करायचा. गंमत अशी की हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. प्रत्येक सरकार नवीन मेमो काढतं, ट्रम्पच्या पहिल्या सरकारनेही २०१७ च्या जानेवारीत काढला होता. पाळला तर मेमो, नाहीतर कागद.

आता निवडणूक. बायडनला ३०६ इलेक्टर (राज्याराज्यांतले प्रतिनिधी, राष्ट्राध्यक्ष ठरतो तो यांच्या मतांवर), ट्रम्पना २३२. जॉर्जिया राज्यात फरक होता ११,७७९ मतांचा, आणि तिथे मोजणी तीनदा झाली, एकदा तर सगळ्या मतपत्रिका हाताने मोजल्या, निकाल तोच. १ डिसेंबरला बिल बार, म्हणजे ट्रम्पचाच ॲटर्नी जनरल, असोसिएटेड प्रेसला म्हणाला की निकाल फिरेल इतक्या मोठ्या प्रमाणावरचा घोटाळा आम्हाला सापडलेला नाही. बारला फार साधूसंत समजायचं कारण नाही, त्यानेच नोव्हेंबरमध्ये एक मेमो काढून निकाल प्रमाणित व्हायच्या आधीच अशा तक्रारींची चौकशी करायची मुभा दिली होती, जी खात्याची जुनी पद्धत नव्हती, आणि त्यावरून निवडणूक गुन्ह्यांची शाखा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने ते पद सोडलं होतं. पण चौकशी करून काही मिळालं नाही हे त्याने सांगून टाकलं. १४ डिसेंबरला तो जाणार हे जाहीर झालं, ख्रिसमसच्या आधी गेलाही. त्याच्या जागी हंगामी म्हणून जेफ्री रोझन, आणि रोझनचा नंबर दोन रिचर्ड डोनोह्यू.

रोझनने पुढे साक्षीत सांगितलं की २३ डिसेंबर ते ३ जानेवारी या काळात ट्रम्प जवळजवळ रोज फोन करायचे किंवा भेटायचे, ख्रिसमससारखे एकदोन दिवस सोडले तर. मागण्या एकामागून एक, स्पेशल वकील नेमा, सुप्रीम कोर्टात खात्यातर्फे दावा ठोका, जॉर्जियाच्या विधिमंडळाला पत्र पाठवा, मतदान यंत्रं ताब्यात घ्या. खात्याचं उत्तर दरवेळी तेच, अधिकार नाही आणि पुरावाही नाही. मधल्या मधे ट्रम्पचे चीफ ऑफ स्टाफ मार्क मेडोज यूट्यूबच्या लिंक फॉरवर्ड करत होते, त्यातली एक अशी होती की इटलीतून सॅटेलाइटने अमेरिकेतली मतं बदलली. डोनोह्यूने त्यावर रोझनला लिहिलं, हा शुद्ध वेडेपणा आहे. आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर जे येतं ते तिकडे न्याय खात्याच्या प्रमुखाच्या इनबॉक्समध्ये येत होतं, एवढाच काय तो फरक.

सगळ्यात महत्त्वाचा फोन २७ डिसेंबरचा. दीडेक तास चाललेला, आणि डोनोह्यूने त्याच्या हाताने नोंदी घेतल्या म्हणून आज आपल्याला माहीत आहे. ट्रम्प एक आरोप काढणार, डोनोह्यू खोडून काढणार, की पुढचा आरोप. मिशिगनच्या अँट्रिम काउंटीत यंत्रांची चूक ६८ टक्के आहे असा एक रिपोर्ट फिरत होता, डोनोह्यूने सांगितलं की हाताने मोजून झालंय, १५,००० मतांत एक चूक निघाली. ट्रम्प म्हणाले तुम्ही लोक इंटरनेट माझ्यासारखं बघत नसाल. शेवटी रोझन म्हणाला की खातं चुटकी वाजवून निवडणुकीचा निकाल बदलू शकत नाही आणि बदलणारही नाही, तेव्हा ट्रम्पकडून जे उत्तर आलं ते नोंदीत आहे: मी तसं करायला सांगतच नाहीये, तुम्ही फक्त निवडणूक भ्रष्ट होती एवढं म्हणा आणि बाकीचं माझ्यावर आणि रिपब्लिकन खासदारांवर सोडा.

हे वाक्य दोनदा वाचा. त्यांना चौकशी नको होती, पुरावाही नको होता. खात्याचं नाव हवं होतं. आपल्याकडे एखाद्या जमिनीबद्दल तलाठ्याने नुसता शेरा मारला की ही वादग्रस्त आहे, तर खरं-खोटं ठरायला दहा वर्षं जाऊ देत, व्यवहार त्याच दिवशी अडकतो, तसलाच प्रकार.

त्याच फोनवर आणखी एक नाव आलं. ट्रम्प म्हणाले, लोक सांगतात जेफ क्लार्क फार भारी आहे, त्यालाच वर बसवावं.

हा जेफ्री क्लार्क कोण, तर न्याय खात्यात पर्यावरण विभागाचा प्रमुख, सप्टेंबरपासून दिवाणी विभागाचीही हंगामी जबाबदारी त्याच्याकडे. निवडणुकीच्या गुन्ह्यांशी त्याच्या कामाचा काही संबंध नव्हता. पेनसिल्व्हेनियाचे खासदार स्कॉट पेरी यांनी त्याची ट्रम्पशी गाठ घालून दिली आणि २२ डिसेंबरला हा माणूस वरिष्ठांना न सांगता ओव्हल ऑफिसमध्ये जाऊन आला. वर सांगितलेल्या त्या मेमोचा सरळसरळ भंग. रोझनला हे कळलं तेसुद्धा कसं, तर २४ तारखेला ट्रम्पनी फोनवर विचारलं की तुम्ही क्लार्कला ओळखता का, तेव्हा हा बुचकळ्यात पडला की राष्ट्राध्यक्षांना माझ्या पर्यावरणवाल्याचं नाव कुठून माहीत. २६ ला क्लार्कला विचारलं तर त्याने कबूल केलं, वाईट वाटल्यासारखं केलं, पुन्हा होणार नाही म्हणाला.

२८ डिसेंबरच्या दुपारी त्याने पत्राचा मसुदा ईमेल केला.

पत्र जाणार होतं जॉर्जियाचे गव्हर्नर ब्रायन केम्प (तिथला गव्हर्नर निवडून आलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा), तिथल्या हाउसचे स्पीकर आणि सिनेटचे प्रमुख यांना, तिघेही रिपब्लिकन. मजकूर असा की न्याय खातं अनियमिततांची चौकशी करतंय आणि जॉर्जियासकट अनेक राज्यांत निकालावर परिणाम झाला असेल अशा गंभीर बाबी आम्हाला आढळल्या आहेत. हे धादांत खोटं होतं, खात्याला असं काही आढळलं नव्हतं आणि खात्याच्या प्रमुखाने महिनाभर आधी उलटं सांगितलं होतं. पुढे सल्ला, की विधिमंडळाचं विशेष अधिवेशन बोलवा, निवडणुकीत योग्य निवड होऊ शकली की नाही ते ठरवा आणि १४ डिसेंबरला बसलेल्या इलेक्टरांच्या दोन याद्यांपैकी कुठली काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने, ६ जानेवारीच्या मोजणीत) घ्यायची यासाठी पावलं उचला. दोन याद्या म्हणजे एक खरी, गव्हर्नरने प्रमाणित केलेली, आणि दुसरी ट्रम्प समर्थकांनी स्वतःच बसून केलेली, आणि पत्रात दोन्ही एका रांगेत. आणि गव्हर्नरने अधिवेशन बोलवलं नाही तर? तर विधिमंडळाला स्वतःहून भरण्याचा गर्भित अधिकार राज्यघटनेतच आहे असं पत्रात म्हटलं होतं. केम्पने अधिवेशनाला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच नकार दिला होता ना, त्याला वळसा घालायची ही सोय. खाली तीन सह्यांची जागा, रोझन, डोनोह्यू, क्लार्क.

डोनोह्यूचं उत्तर तासाभरात: या पत्रावर किंवा याच्या जवळपासच्या कशावरही मी सही करण्याची शक्यता शून्य आहे. खाली कारणंही दिली, की ज्या चौकशा चालू आहेत त्या इतक्या छोट्या आहेत की निकालावर काही फरक पडत नाही. संध्याकाळी तिघांची गाठ पडली आणि चांगलंच वाजलं.

तरी क्लार्क थांबला नाही. त्याला राष्ट्रीय गुप्तचर खात्याकडून ब्रीफिंग हवं होतं, कारण डॉमिनियन कंपनीचं मतदान यंत्र स्मार्ट थर्मोस्टॅटमधून इंटरनेटला जोडलं होतं आणि त्याचा माग चीनपर्यंत जातो असं त्याच्या वाचनात आलं होतं. ब्रीफिंग मिळालं, त्यात काही निघालं नाही, त्याचं मत मात्र कायम. मग २ जानेवारीच्या सुमाराला त्याने रोझनपुढे सौदाच ठेवला: राष्ट्राध्यक्ष मला तुमच्या जागी बसवायला तयार आहेत, पण तुम्ही पत्रावर सही केलीत तर मी नाही म्हणेन. रोझनने सही केली नाही. (रोझनकडे तेव्हा एक सोपा मार्ग होता हे विसरू नका. सही केली असती तर खुर्चीही राहिली असती, आणि वर सांगता आलं असतं की बघा, क्लार्कला येऊ दिलं नाही मी.)

३ जानेवारी, रविवार. दुपारी क्लार्क येऊन म्हणाला की झालं, तुमच्या जागी मी येतोय, तुम्हाला हवं असेल तर माझे उपप्रमुख म्हणून थांबा. रोझन म्हणाला माझ्याच हाताखालच्या माणसाकडून मी काढला जाणार नाही, राष्ट्राध्यक्षांनी तोंडावर सांगावं. संध्याकाळी सव्वासहाची वेळ मिळाली. आणि इथे एक तपशील असा की व्हाइट हाउसच्या त्या दिवशीच्या फोन नोंदीत ४:१९ ला क्लार्कच्या नावापुढे हंगामी ॲटर्नी जनरल असं लिहिलेलं सापडलं. म्हणजे मीटिंग व्हायच्या आधीच कागदोपत्री कोणीतरी त्याला बसवून मोकळं झालं होतं.

मधल्या दोनतीन तासांत जे झालं ते माझ्या मते या प्रकरणाचं खरं वळण. डोनोह्यू आणि रोझनचा चीफ ऑफ स्टाफ यांनी खात्याच्या सगळ्या विभागप्रमुखांना फोनवर घेतलं आणि सरळ प्रश्न टाकला: क्लार्क आला तर तुम्ही काय करणार? एकेकाने सांगितलं, राजीनामा. कोणी वेळ मागितला नाही. हे सगळे ट्रम्प सरकारनेच नेमलेले लोक, त्यामुळे उद्या यांना डेमोक्रॅटांचे हस्तक म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

ओव्हल ऑफिसमध्ये रोझन, क्लार्क, कायदा सल्लागार विभागाचे प्रमुख स्टीव्हन एंगल, व्हाइट हाउसचे वकील पॅट सिपोलोनी आणि पॅट फिल्बिन, आणि ट्रम्पचा सल्लागार एरिक हर्शमन. डोनोह्यू सुरुवातीला बाहेरच होता, रविवार म्हणून जीन्स, आर्मीचा टीशर्ट आणि चिखलाचे बूट अशा अवतारात ऑफिसला आलेला, तसाच आत बोलावला गेला. ट्रम्पची सुरुवात साधारण अशी, की एक गोष्ट नक्की, रोझन, तुम्ही निवडणूक फिरवायला काही करणार नाही. मग अडीच-तीन तास अक्षरशः नोकरीची मुलाखत चालल्यासारखं, एका बाजूला रोझन, एका बाजूला क्लार्क, मालक मधे.

क्लार्क म्हणाला मी मोठमोठी अपिलं चालवलीत, पर्यावरणाची, दिवाणी. त्यावर डोनोह्यू: बरोबर, तुम्ही पर्यावरणाचे वकील, तेव्हा आपल्या ऑफिसात जा, समुद्रात कुठे तेल सांडलं की बोलावू. हर्शमनने तर शिव्या घालून त्याला म्हटलं की अभिनंदन, ॲटर्नी जनरल म्हणून तुझं पहिलंच काम गुन्हा असेल हे तूच कबूल केलंस. सिपोलोनी त्या पत्राला म्हणाले, हा खून आणि आत्महत्येचा करार आहे, जो हात लावेल तो संपेल.

ट्रम्पचा प्रश्न होता: माझं नुकसान काय? आणि गंमत बघा, त्या खोलीत राज्यघटनेवर कोणी भाषण दिलं म्हणून उत्तर पटलं असं झालेलं नाही. पटलं ते हिशोबाने. डोनोह्यूने सांगितलं की मी एक मिनिटही या माणसाखाली काम करणार नाही, सगळे विभागप्रमुख जातील, आणि दोनतीन दिवसांत देशभरातून शेकड्याने राजीनामे येतील. ट्रम्प एंगलकडे वळले, तुम्ही तर नाही ना जाणार? एंगल म्हणाला मी तुमच्यासोबत चार ॲटर्नी जनरल बघितले, पण जाईन. आणि मग त्याने जे सांगितलं तो माझ्या मते अख्ख्या रात्रीतला सगळ्यात हुशार युक्तिवाद: पत्र कोणी वाचणारच नाही, लोक एवढंच म्हणतील की दोन आठवड्यांत दोन ॲटर्नी जनरल घालवले आणि शेवटी सहीसाठी पर्यावरणवाला शोधून आणला, क्लार्क स्मशानाचा प्रमुख होईल. म्हणजे ज्या लेटरहेडसाठी ही सगळी धडपड, सगळे गेले की त्या लेटरहेडचीच किंमत शून्य.

शेवटी ट्रम्प क्लार्कला म्हणाले की हे करत नाही, तुला ही नोकरशाही जिवंत खाईल. मीटिंग संपली. त्याच रात्री डोनोह्यूला ट्रम्पचा परत फोन, जॉर्जियात एका ट्रकमध्ये फाडलेल्या मतपत्रिका सापडल्यात म्हणे. नंतर कळलं की जुन्या निवडणुकीचा कचरा होता, जागा करायला काढलेला. दुसऱ्या दिवशी जॉर्जियातल्या अटलांटाच्या केंद्रीय सरकारी वकिलाने, ब्युंग पाकने, राजीनामा दिला, कारण त्यालाही घोटाळा सापडत नाही म्हणून ट्रम्प भडकले होते.

आता हे सगळं वाचून व्यवस्था टिकली, संस्था मजबूत आहेत असं म्हणायचा मोह होतो, बरेच जण म्हणालेही. मला ते पटत नाही. बघा ना, त्या संध्याकाळी कायद्याने काय अडवलं असतं? क्लार्कची नेमणूक बहुधा कायदेशीरच ठरली असती, तो आधीच सिनेटने मंजूर केलेला अधिकारी होता आणि १९९८ च्या रिक्त पदांच्या कायद्याखाली राष्ट्राध्यक्ष अशा माणसाला हंगामी बसवू शकतो. रोझनला काढणं तर कधीही शक्य होतं. अडवलं ते सातआठ वकिलांच्या राजीनाम्याच्या धमकीने, आणि ती धमकी चालली कारण ते ट्रम्पचे स्वतःचे लोक होते, सगळे एकत्र होते, ६ जानेवारीला तीन दिवस उरले होते आणि त्यांच्या जागी बसायला दुसरी फळी तयार नव्हती. यातली एक जरी गोष्ट वेगळी असती तर?

१९७३ च्या ऑक्टोबरात निक्सनने वॉटरगेटचे विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढायला सांगितलं तेव्हा ॲटर्नी जनरल रिचर्डसनने राजीनामा दिला, मग नंबर दोन रकल्सहाउसही गेला, आणि नंबर तीन रॉबर्ट बोर्कने कॉक्सना काढलं. शनिवारच्या एका रात्रीत. तिथे माणसं एकेक करून गेली आणि तिसरा सापडला. २०२१ मध्ये हुकूम सुटायच्या आधीच किती जाणार त्याचा आकडा टेबलावर ठेवला गेला. तत्त्व दोन्हीकडे तेच, फरक फक्त मोजणी आधी करून ठेवण्याचा.

आणि या लोकांना डोक्यावर घ्यायच्या आधी एक टोचणारी गोष्टही लिहायला हवी. ३ तारखेला एवढं रामायण झालं आणि बाहेर एक शब्द आला नाही. निवडणूक फिरवण्यासाठी खात्याचा प्रमुख बदलण्यापर्यंत मजल गेली हे देशाला कळलं जानेवारीच्या शेवटी शेवटी, न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीतून, म्हणजे दंगल होऊन गेल्यावर, बायडनची शपथ झाल्यावर. आत राहून रोखायचं तर गुपित पाळावं लागतं हे मान्य, पण ५ जानेवारीला हे लोकांना माहीत असतं तर ६ तारखेची सुरक्षा व्यवस्था वेगळी असती का, हा प्रश्न मला त्यांच्या बाजूने सोडवता येत नाही.

पुढे काय झालं ते बघितलं की चित्र आणखी विचित्र होतं. २०२२ च्या जूनमध्ये रोझन, डोनोह्यू आणि एंगल यांनी हाउसच्या (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या) ६ जानेवारीची चौकशी करणाऱ्या समितीपुढे टीव्हीवर साक्ष दिली, त्याच्या आदल्याच दिवशी केंद्रीय एजंटांनी क्लार्कच्या घराची झडती घेतली होती. क्लार्कने स्वतः त्या समितीपुढे शंभरावर वेळा गप्प राहण्याचा हक्क वापरला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ट्रम्पवर खटला चालवणारे विशेष वकील जॅक स्मिथ यांच्या आरोपपत्रात तो नाव न घेता सहकटकारस्थानी म्हणून होता, आणि जॉर्जियाच्या आरोपपत्रात तर नावानिशी आरोपी.

मग १ जुलै २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, ६ विरुद्ध ३. माजी राष्ट्राध्यक्षाला अधिकृत कामांसाठी फौजदारी खटल्यापासून संरक्षण किती, हा प्रश्न होता, आणि बऱ्याच गोष्टी कोर्टाने खालच्या कोर्टाकडे परत पाठवल्या. पण एका गोष्टीवर तिथल्या तिथे ठाम उत्तर दिलं, आणि ती नेमकी हीच: न्याय खात्याच्या अधिकाऱ्यांशी झालेली बोलणी. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या मते चौकशी आणि खटले हा राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकारी अधिकाराचा गाभा आहे, म्हणून चौकशी खोटी असल्याचा आरोप असला तरी, हंगामी ॲटर्नी जनरलला काढायची धमकी दिली असली तरी, यासाठी पूर्ण संरक्षण. म्हणजे २७ डिसेंबरचा तो फोन, ३ जानेवारीची ती मीटिंग, यावर खटलाच चालू शकत नाही. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्राच्या शेवटी लिहिलं की आपल्या लोकशाहीबद्दल भीती बाळगून मी असहमती नोंदवते. स्मिथने महिन्या-दोन महिन्यांत सुधारित आरोपपत्र दाखल केलं, त्यातून न्याय खात्याचा सगळा भाग आणि क्लार्क दोन्ही गायब. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले आणि उरलेला खटलाही मागे घेतला गेला.

बहुमताची बाजू अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही हां, उद्या प्रत्येक नवीन सरकार जुन्या राष्ट्राध्यक्षावर खटले भरत सुटलं तर काय, ही भीती खरी आहे. पण मग ज्या खोलीत हे शिजू शकतं त्याच खोलीला कडी लावून कोर्टाने काय साधलं, हे मला कळत नाही.

क्लार्कच्या सनदेची केस वेगळी चालू राहिली. वॉशिंग्टनच्या वकिलांच्या बारच्या शिस्तपालन समितीने २०२४ मध्ये दोन वर्षं निलंबनाची शिफारस केली, आणि जुलै २०२५ मध्ये वरच्या मंडळाने सनद रद्दच करा म्हटलं, यावर शेवटचा शब्द तिथल्या अपील कोर्टाचा. त्याचा बचाव असा की हा आतला मसुदा होता, गेलाच नाही, आणि सरकारी वकिलाला आपलं मत साहेबांपुढे मांडताही येऊ नये का? मुद्दा वरवर बरोबर वाटतो. पण त्याने मत मांडून सोडलं नव्हतं, दोन्ही वरिष्ठांनी मजकूर खोटा आहे असं सांगितल्यावरही तेच पत्र पाठवायला त्याने त्यांची खुर्ची पणाला लावली. दरम्यान २०२५ मध्ये तो परत सरकारात आला होता, केंद्राचे सगळे नियम ज्या ऑफिसातून तपासून बाहेर पडतात त्याचा हंगामी प्रमुख म्हणून. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्पनी ज्यांना माफी दिली त्यांत त्याचं नाव होतं, आणि त्याच महिन्यात जॉर्जियातला खटलाही बंद झाला.

सगळंच वाईट झालं असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने १८८७ चा जुना इलेक्टर मोजणीचा कायदा दुरुस्त केला, उपराष्ट्राध्यक्षाचं काम फक्त कारकुनी असल्याचं स्पष्ट केलं, आक्षेप घ्यायला दोन्ही सभागृहांतल्या एक पंचमांश सदस्यांची अट घातली, आणि निवडणुकीत निवड होऊ शकली नाही तर विधिमंडळाने ठरवावं अशी जी ढोबळ तरतूद होती, जिच्या भाषेचा क्लार्कच्या पत्रात आधार दिसतो, ती काढून टाकली. म्हणजे पत्र जिथे पोहोचणार होतं ते दार बंद झालं. पत्र जिथून निघतं ते मात्र उघडंच आहे. व्हाइट हाउस आणि न्याय खातं यांच्यातल्या संपर्काची नोंद ठेवायची आणि ती तपासायला द्यायची अशी तरतूद असलेलं एक विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये हाउसने मंजूर केलं होतं, सिनेटमध्ये ते मेलं.

आणि राजीनाम्याच्या हत्याराचं काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचे मेयर एरिक ॲडम्स यांच्यावरची केस मागे घ्यायचा हुकूम आला तेव्हा मॅनहॅटनच्या हंगामी सरकारी वकील डॅनिएल सॅसून यांनी नकार देऊन राजीनामा दिला, पाठोपाठ वॉशिंग्टनमधलेही बरेच गेले, पण सही करणारा सापडला आणि अर्ज कोर्टात गेला. सप्टेंबरमध्ये व्हर्जिनियात तेच, सरकारी वकील एरिक सीबर्ट दबावाखाली गेले आणि त्यांच्या जागी सरकारी वकिलीचा अनुभव नसलेल्या, ट्रम्पच्या खासगी वकील राहिलेल्या लिंडसी हॅलिगन आल्या, आणि काही दिवसांत एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी यांच्यावर आरोपपत्र. यावेळी पर्यावरणवाला शोधून आणला हा टोमणा कोणाला लागला नाही. २०२१ ची धमकी चालायला समोरच्याला लाज किंवा निदान हेडलाइनची धास्ती लागते, आणि माणसांचा तुटवडा लागतो, दोन्ही आता पुरेशा प्रमाणात दिसत नाहीत.

कोमींवरची ती केस २४ नोव्हेंबर २०२५ ला न्यायाधीश कॅमेरन करी यांनी रद्द केली, आणि कारण अगदी रुक्ष होतं: ॲटर्नी जनरलला हंगामी सरकारी वकील नेमायचे १२० दिवस कायद्याने दिलेले असतात, ते सीबर्टच्या वेळीच संपले होते, म्हणून हॅलिगन यांची नेमणूकच बेकायदा आणि तिच्यावर आधारलेलं सगळं बाद. सरकार अपिलात जाणार म्हणालं. यात एक मेख आहे, की जिल्ह्याच्या सरकारी वकिलासाठी असलेली ही १२० दिवसांची अट ॲटर्नी जनरलच्या पदाला लागू नाही. तिथे त्या रविवारी चालला असता तोच रस्ता आजही चालतो, खात्यातला सिनेटने मंजूर केलेला कुठलाही एक माणूस, राष्ट्राध्यक्षांची एक सही.